आई प्रतिसाद देत नाहीत

"आई, आपल्या घरात सगळं तुझ्या एकटीवर चालतं, हे काही बरोबर नाही," मुलगा म्हणाला, आणि आईच्या मनात संशयाची पाल चुकचुकली. 'सगळं तुझ्या एकटीवर चालतं' हे इतकी वर्षं तिने कौतुक म्हणून ऐकलं होतं.

"बरोबर नाही म्हणजे?"

मुलगा आर्किटेक्ट होता, पण घरांचा नव्हे. मोठमोठ्या कंपन्यांची कामं ज्या क्लाउडवर चालतात, तिथली रचना तो आखायचा. आई शेजारणींना सांगायची, "लोक हवेत इमले बांधतात, आमचा ढगात बांधतो." गेल्या महिन्यात ती दोन दिवस तापाने झोपली, तेव्हा पंपाचं बटण, डॉक्टरांची वेळ आणि जास्तीची किल्ली यांतलं काहीही कुणाला सापडलं नव्हतं. तेव्हापासून त्याच्या डोक्यात चक्र चालू होतं.

"एकच सर्व्हर असला आणि तोच बंद पडला तर? म्हणून दुसरा तयार ठेवायचा. तुझ्या फोनवर दर दहा मिनिटांनी घंटी वाजेल. तू 'मी आहे' दाबायचं. लागोपाठ तीनदा चुकलीस, की घराचा कारभार आपोआप मावशीकडे जाईल. दोन गल्ल्यांपलीकडे तर राहते."

आईने हातातली ताटली खाली ठेवली. धाकट्या बहिणीने लहानपणी तिची वेणीची फीत 'जरा बघायला' म्हणून घेतली होती, ती अजून परत यायची होती. "मी जिवंत असताना माझ्या जागी ती? ही कल्पना कुणाची? सूनबाईंची?"

"अहो आई, मलाही आत्ताच कळतंय," सून म्हणाली. जरा जास्तच घाईने म्हणाली, असं आईला वाटलं.

मुलाने त्याच रात्री यंत्रणा सुरू करून टाकली. दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेल्यावर आई जपाला बसली. तीन माळा, वीस मिनिटं. तेवढ्यात बोलायचं नाही, माळेशिवाय कशाला हात लावायचा नाही, हा तिचा कितीतरी वर्षांचा नेम. मुलाने आराखड्यात सगळं धरलं होतं, आईचा नेम तेवढा राहिला. तरीही वीस मिनिटांत घंट्या दोनच, निभावून गेलं असतं. पण त्या दिवशी मणी पुढे सरकायचा आणि मन फितीकडे धावायचं. मन भरकटलं की माळ पहिल्यापासून, हाही नेमच. तिसरी घंटी वाजली तेव्हा आई दुसऱ्याच माळेवर होती.

सगळ्यांच्या फोनवर निरोप गेला: 'आई प्रतिसाद देत नाहीत. आई मृत. मावशी प्रमुख.' मुलाच्या धंद्यात बंद पडलेल्या यंत्राला सरळ मृत म्हणतात. घरात हा शब्द कसा ऐकू येईल, ते त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मावशी रडतच आली. मुलाने बसवलेलं दाराचं नवं कुलूप अंगठ्याने उघडायचं, ते नव्या प्रमुखाला लगेच उघडलं. आत ताई डोळे मिटून ताठ बसलेली. "ताई गं!" मावशीने हंबरडा फोडला. आईने एक डोळा उघडला, "हूं" केलं आणि माळ पुन्हा पहिल्यापासून धरली.

जप आटोपून ती स्वयंपाकघरात आली, तोवर मावशीने मिठाचा डबा वरच्या फळीवर नेला होता.

"तो खाली ठेव आधी."

"असं कसं? घर आता माझ्याकडे आलंय, ताई. फोनमध्ये लिहिलंय."

तेवढ्यात प्लंबर आला. बाहेरचा गळका नळ दाखवायला आई दाराबाहेर पडली आणि दार मागे लागलं. तिने अंगठा टेकवला. कुलूप म्हणालं, "ओळख पटत नाही."

"नळ नवा बसवा," आई म्हणाली.

"हात लावू नका हं!" मावशी खिडकीतून ओरडली.

प्लंबरने पाना पिशवीत टाकला. "या घरातल्या मुख्य बाई कोणत्या, ते आधी ठरवा. मी चहा घेऊन येतो."

निरोप वाचून सून धापा टाकत पोचली, मागोमाग मुलगा. "दोन प्रमुख! हेच तर होऊ द्यायचं नसतं!" त्याने कपाळाला हात लावला. "आता बहुमत झाल्याशिवाय आई परत यायची नाही. मतं तीन. मी, ही आणि मावशी."

"आणि मी?"

"तू मृत आहेस ना, आई."

त्याने मत दिलं. "मी सावकाश सांगते," मावशी आतून म्हणाली, "फळ्या आत्ता कुठे लागतायत." राहिली सून. ती फोन धरून उभीच.

"दाबतेय हो आई. नेटवर्क नाहीये."

आईला तिच्या फोनवरच्या चारही काड्या स्पष्ट दिसत होत्या. शेवटी एकदाचं बटण दाबलं गेलं आणि दार उघडलं.

"आजच काढून टाकतो हे सगळं," मुलगा ओशाळून म्हणाला.

"राहू दे," आई शांतपणे म्हणाली. "फक्त परत यायला मतं नकोत. मी 'मी आहे' म्हटलं, की मी आहे."

त्या शांतपणाचाच सगळ्यांना संशय आला.

महिनाभरात मुलाच्या लक्षात आलं, की आई रोज संध्याकाळी चार ते सहा मृत असते. नक्की यंत्रणेतच खोट असणार, म्हणून त्याने दोन रविवार घालवले. सुनेचा संशय मावशीवर होता.

आई त्या वेळी बागेतल्या बाकावर चपला काढून बसलेली असायची. एकदा तिथेच बहिणीचा फोन आला. "ताई, पंपाचं बटण कुठलं गं? आणि प्लंबर पुन्हा आलाय, त्याला काय सांगू?"

"मला काय विचारतेस? मी गेलेय," आई म्हणाली आणि फोन बंद करून तिने माळ काढली.

त्या दिवशी तिन्ही माळा एका दमात झाल्या. मन कुठेही भरकटलं नाही.