साळवेकाकांची पाचर

साळवेकाकांच्या घरात बिननावाची वस्तू नव्हती. सायकलचं नाव मालनबाई, कारण ती चढावर कुरकुरायची. हातोडीचं नाव गुलाब. दारावरच्या दिव्याला ते पाटील म्हणत. तो दिवसभर झोपतो आणि अंधार पडला की रुबाब दाखवतो म्हणून. संत तुकाराम नगरात त्यांची आणि आमची भिंत एक होती, त्यामुळे या मंडळींशी चाललेली त्यांची बोलणी आम्हाला घरबसल्या ऐकू येत. "मालनबाई, आज आळंदीपर्यंत जायचंय, तोंड पाडू नका." माणसांशी बोलायची मला फार धास्ती वाटे. पण सायकलीला अहोजाहो करणाऱ्या माणसाची धास्ती वाटून घेणं कठीण होतं.

या सगळ्यांत मान मोठा बंडूचा.

बंडू म्हणजे पत्र्याचं रंगीत अस्वल. बोटभर उंच, बटाट्यासारखं नाक, निळी विजार आणि डोक्यात टांगायची कडी. असे बरेच बंडू होते. एक छत्री धरलेला, एक घसरगाडीवर बसलेला, एक अख्खा पाव तोंडात कोंबलेला. नाताळ आला की काका सुरूची फांदी आणून वाळूच्या डब्यात रोवत आणि त्यावर सगळे बंडू चढत. ती फांदी दर वर्षी कलायची. काकू म्हणायच्या, "दुनियेचा माल सरळ बसवतात, अन् घरचं झाड बघा." काकूंचा लाडका छत्रीवाला, त्यांच्या मार्थाचा पाववाला. कुणाचा बंडू उजेडाकडे टांगायचा यावरून मायलेकींची दर नाताळात जुंपायची.

बंडू यायचे परदेशातून. काका एका कारखान्यात पॅकिंगला होते. माझे बाबा तिथेच खरेदी खात्यात. कारखान्याची मोजमापाची नाजूक अवजारं दर पावसाळ्यात तपासणीसाठी परदेशी जात आणि नाताळच्या सुमारास परत येत. तीच जाड लाकडी पेटी जायची, तीच यायची. भरायचे काका, उघडायचेही काका. एका वर्षी पेटी उघडली तर भुशात पहिला बंडू. साहेब म्हणाले, तुमच्याकडे नाताळ असतो ना, घेऊन जा. पुढच्या वर्षी दुसरा निघाला. मग दर वर्षीच.

माझ्या शाळेतल्या परदेशी सिस्टरना मी धीर करून विचारलं. त्या म्हणाल्या, मुलांच्या व्यंगचित्रांतलं अस्वल असेल. तिकडे अशी चित्रं दर नाताळला नव्या रूपात निघतात आणि घरंच्या घरं ती जमवतात. हे मी काकांना सांगितलं, तेव्हा त्यांची छाती फुगली. "म्हंजी तिकडचा पॅकर आपल्या घरातला एक काढून मला धाडतो. दोस्त हाये माझा."

बाबांना हे पटायचं नाही. ते म्हणत, "साळवे, ही जाहिरात आहे. गिऱ्हाइकाला कॅलेंडर देतात, तसं."

"कॅलेंडर भुशात कोण लपवतं, साहेब? ह्यो हातानं ठेवलेला असतो. उताणा. उघडणाऱ्याकडं बघत."

सगळी गल्ली बाबांच्या बाजूची होती. कुणी टपाल आलं की विचारी, काका, दोस्ताचं पत्र का? काकाही हसायचे, पण त्यांचं हसू जरा उशिरा यायचं.

दोस्ताला उत्तर पाठवण्याचा प्रयत्न त्यांनी एकदा केला होता. काकूंनी कुटलेली शेंगदाण्याची चटणी त्यांनी पुरचुंडीत बांधून भुशात ठेवली. पावसाळ्यात तिला तेल सुटलं आणि परदेशी लोकांना लसणाचा वास मारणारी अवजारं तपासावी लागली. तक्रार आली, काकांना ताकीद मिळाली, आणि पेटी बंद होताना तपासनीस साहेबांनी शेजारी उभं राहायचं असा नियम झाला. तरी त्या नाताळात बंडू आलाच, गळ्यात लाल मफलर घालून. "तिखट लागलं त्याला," काका म्हणाले.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची आणि घरच्यांना आत सोडायचे. एका वर्षी मी बाबांबरोबर गेले. काका एका कोपऱ्यात फळ्या मापत होते. दुरून कुणीतरी ओरडलं, "ए पॅकिंग, इकडं ये." काका गेले. परत आले तोवर दुसऱ्या टोकाकडून हाक, "पॅकिंग!" तासभर मी तिथे होते. साळवे म्हणून त्यांना कुणी हाक मारली नाही. मला पाहून ते कसनुसं हसले आणि म्हणाले, "पेटी नीट भरली तर कुणाला दिसत न्हाई बघ. फुटली तरच दिसती." 

पुढच्या उन्हाळ्यात भिंतीपलीकडून खरवडल्याचा आवाज येऊ लागला. काका पेटीच्या फळीतून बंडू कोरत होते. डोक्यावर खाकी टोपी, ओठावर थेट काकांच्या मिशा, हातात गुलाब हातोडी. मात्र त्याच्या पायाखालचं लाकूड त्यांनी उतरतं तासलं होतं.

"पडेल ना तो," मी म्हणाले.

"उभा ऱ्हायचाच न्हाई त्यो. ही पाचर हाये."

पेटीत माल हलू नये म्हणून फटीत लाकडाची पाचर ठोकतात. पाचर म्हणजे काही खाऊ नव्हे, ते पॅकिंगच. पेटी बंद व्हायच्या दिवशी तपासनीस साहेबांनी विचारलं, हे काय? काका म्हणाले, पाचर. साहेबांनी पेटी गदगदा हलवली. आत काही हललं नाही. साहेबांनी सही केली.

त्या संध्याकाळी काकांनी गल्लीत जाहीर केलं, "ह्या नाताळाला उत्तर आलं न्हाई, तर कॅलेंडर म्हणा. मी बी म्हणीन." काकू आतून म्हणाल्या, "कशाला असं बोलून बसता?" पण ते बोलून बसले होते.

डिसेंबरात पेटी आली, तेव्हा बाबा आधी घरी आले. आईने विचारलं तर नुसती मान हलवली. सगळा भुसा उपसला तरी बंडू निघाला नाही, म्हणाले. मला वाटलं होतं बाबा हसतील. ते चपलाही न काढता बसून राहिले.

आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडापासून मालनबाईची घंटा वाजत आली, ती थांबेचना.

काकांनी सगळ्यांना दारात बोलावलं आणि शर्टाच्या आतून रुमालात बांधलेलं काही काढलं. भुशात बंडू नव्हता, हे खरं होतं. पण अवजारं काढून झाल्यावर त्यांनी पाचर उपसली, तर ती त्यांची नव्हतीच. त्यांची तिकडेच राहिली होती. तिच्या जागी दुसरंच लाकडी अस्वल ठोकलेलं होतं. केसांचा अंबाडा, डोळ्यांवर चष्मा, पुढे एप्रन, हातात हातोडी. एक कान मोठा, एक लहान. खालचं लाकूड तसंच उतरतं तासलेलं.

बाबांनी ते उलटसुलट करून पाहिलं. कंपनीचा शिक्का ते शोधत असावेत. तिथे नुसती चाकू घसरल्याची खूण होती. बाबा म्हणाले, "साळवे, हे कॅलेंडर नाही."

काकू म्हणाल्या, "इतकी वर्षं दोस्त दोस्त करत होता, अन् निघाली बाई!" गल्ली हसली. या वेळी काका सगळ्यांच्या आधी हसले. करंज्यांचं ताट एका हातात आणि अस्वल दुसऱ्या हातात घेऊन ते घरोघर फिरले. टपालाची चेष्टा करणाऱ्यांच्या दारात जरा जास्तच वेळ उभे राहिले.

परत आल्यावर त्यांनी ते अस्वल टांगलं नाही. वाळूच्या डब्यात, सुरूच्या बुडाशी, गुलाबने दोन हलके ठोके देऊन बसवलं. झाड पहिल्यांदाच सरळ उभं राहिलं.

मार्था म्हणाली, हिचं नाव काय ठेवायचं? तिने दोनतीन सुचवलीही. काकांनी मान हलवली.

"हिला नाव आपण न्हाई ठेवायचं," ते म्हणाले. "तिचं तिला नाव असंल. तिकडं कुणीतरी तिला त्या नावानं हाक मारत असंल." मग बसलेली पाचर पुन्हा एकदा अंगठ्याने दाबून बघत, हळूच म्हणाले, "हाक मारायला पायजे."