चौदाव्या महिन्यातली नीलाबाई

नियमाप्रमाणे गरोदर बाईला बीपी असू शकतो, बाळंत झालेल्या बाईला तो आणखी बेचाळीस दिवस असू शकतो, आणि त्रेचाळिसाव्या दिवसापासून तो नसतो. हे वैद्यकशास्त्र नव्हे, ही नोंदवही आहे. वारंगा फाट्यापासून आत गेल्यावर लागणाऱ्या एका आरोग्य केंद्रात मी, किसनराव, कनिष्ठ लिपिक, बावीस वर्षं या वह्या ठेवतो आहे. आजवर एकाही बाईने हा नियम मोडल्याचं माझ्या वहीत दिसत नाही. माझं अक्षर चांगलं आहे, हे वरचे साहेबसुद्धा कबूल करतात. दुपारनंतर डोकं तेवढं ठणकतं, म्हणून टेबलाच्या खणात बामची डबी असते.

नीलाबाईची पहिली नोंद १९९६ सालची. तांड्यावरच्या वसरामची बायको, पहिलं बाळंतपण, आठवा महिना, तोंड आणि पाय सुजून गच्च, बीपी एकशे ऐंशीवर एकशे वीस. सासू मात्र खुशीत होती. पाय सुजले की पोरगा होतो, असं तांड्यावरच नाही तर आमच्या निम्म्या कर्मचाऱ्यांतही मानतात. मोठ्या दवाखान्यात नेताना जीपमध्येच नीलाबाईला झटके आले. तरी बाई वाचली आणि सव्वा किलोचं पोरगंही वाचलं. त्याचं नाव योगेश ठेवलं. मी शेरा लिहिला, 'माता व बालक सुखरूप.' बेचाळिसाव्या दिवशी पट्टी लावून तांबडी रेघ मारली आणि नीलाबाईचा आजार रीतसर संपवला.

२००५ च्या मार्चमध्ये ही संपवलेली बाई पुन्हा दारात उभी राहिली.

"कुरुंद्याला हळद शिजवाय गेले व्हते, भाऊ. कढईपाशी चक्कर येऊन पडले. डोसकं असं ठनकून राहिलंय की काई इचारू नका."

"गरोदर हायेस का?"

"न्हाई."

"मग बीपी कुठून येईल तुला? बाम लाव."

तेवढ्यात डॉक्टर राजनंदिनी बाहेर आल्या. नवीन पोरगी, एका वर्षाच्या करारावर आलेली, त्यामुळे नोंदवह्यांबद्दल फारसा आदर नाही. त्यांनी नीलाबाईला खुर्चीत बसवलं आणि मला बीपीचं यंत्र मागितलं.

"मॅडम, ते यंत्र माता योजनेतून आलेलं आहे. त्यावर 'फक्त गरोदर मातांसाठी' असं ऑइल पेंटने लिहिलेलं आहे."

"कुणी लिहिलं?"

"मीच."

मॅडमनी यंत्र स्वतःच कपाटातून काढलं. पारा एकशे शहात्तरवर एकशे बारा भरला. मग त्यांनी जुनं बाळंतपण विचारून घेतलं आणि मला अर्धा तास शिकवलं. गरोदरपणात बीपी चढून झटके आलेल्या बाईच्या रक्तवाहिन्या पुढे लवकर बिघडतात, म्हणाल्या. दहा-वीस वर्षांनी तिला बीपी, हृदयविकार, लकवा यांचा धोका इतर बायकांपेक्षा दुप्पट असतो. त्या बाळंतपणातल्या लेकरालाही पुढे बीपी चढण्याची शक्यता जास्त. "अशा बाईला दरवर्षी बोलावून तपासायला हवं. नाव लिहून घ्या."

"कुठल्या वहीत?" मी अदबीने विचारलं. "क्षयाची वही आहे, कुष्ठरोगाची आहे, हिवतापाची आहे, पिसाळलेल्या कुत्र्याची आहे, विंचवाचीही आहे. नऊ वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाची नाही. आणि गोळ्याही माता योजनेच्याच. त्या कुणाच्या नावावर टाकू?"

नीलाबाई एकदा मॅडमकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती. मला दया आली. चांगलं अक्षर असणाऱ्याला काळीज नसतं, हा लोकांचा गैरसमज आहे. मी गरोदर मातांची वही उघडली आणि नीलाबाईला तिसरा महिना लावून दिला.

चौथ्या दिवशी वसराम तरातरा आला. "साहेब, मला न इचारता हे काय करून राहिलात तुमी? तिचं आपरेशन होऊन पाच वर्सं झाली की!"

"कागदोपत्री आहे रे, वसराम. गोळ्यांसाठी."

"कागदोपत्री व्हय? मंग ठीक हाय. पन तांड्यावर कळू देऊ नका."

तांड्यावर तोपर्यंत कळलंच होतं. सासू रोज सकाळी सुनेचे पाय सुजलेत का ते निरखू लागली. मात्र वही एकदा उघडली की अर्धी सोडता येत नाही. रकाने रिकामे राहिले की वरून पत्र येतं. म्हणून नीलाबाईला बीपीच्या एका गोळीपायी धनुर्वाताची दोन इंजेक्शनं घ्यावी लागली, आणि गर्भ वाढतोय हे दाखवणारी पोटाची उंची वहीत दर महिन्याला मी स्वतः वाढवत गेलो. पण एक सांगतो, गोळ्या लागू पडल्या. दिवाळीपर्यंत बीपी एकशे अडतीसवर आला, चक्कर गेली. बाई डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन केंद्रासमोरून जायची आणि हसून म्हणायची, "भाऊ, माजा कितवा चालू हाय?"

नववा संपला. दहावा लागला. अकराव्या महिन्यात वरच्या कार्यालयाचं पत्र आलं, 'सदर मातेची प्रसूती अद्याप का झाली नाही, याचा तीन दिवसांत खुलासा करावा.' मी खुलासा केला, 'सदर माता प्रयत्नशील आहे.' बाराव्यात स्मरणपत्र आलं. तेराव्यात 'विलंबास जबाबदार कर्मचाऱ्याचे नाव कळवावे' असं आलं. चौदाव्या महिन्यात तपासणीला वरच्या कार्यालयाचे अमृतराव साहेब स्वतः जीपने आले.

नीलाबाईला बोलावणं गेलं. ती दहा वर्षांच्या योगेशचं बोट धरून आली, कारण मॅडमना त्याचाही बीपी बघायचा होता. साहेबांनी तिला वरून खाली न्याहाळलं.

"ही चौदाव्या महिन्यातली?"

"होय साहेब."

"पोट तर दिसत नाही."

"वहीत आहे, साहेब. उंची भरलेली आहे."

साहेब हुशार. त्यांनी शस्त्रक्रियांची जुनी वही मागवली आणि २००० सालच्या पानावर बोट ठेवलं. "हिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली आहे, किसनराव. अक्षर तुमचंच. म्हणजे गर्भ खरा असेल तर शस्त्रक्रिया फसली, आणि शस्त्रक्रिया खरी असेल तर गर्भ खोटा. दोन्हीकडून मीच अडकतो."

"साहेब, हिला गर्भ नाही, बीपी आहे," मॅडम पुढे झाल्या. "गोळी बंद झाली तर उद्या लकवा होईल. आणि हा त्याच बाळंतपणातला मुलगा. दोनदा मोजलं, एकशे तीसवर नव्वद. दहा वर्षांच्या पोराला हे जास्त आहे."

साहेबांनी योगेशकडे बघितलं. "याची नोंद कशात केलीय?"

"अजून कशातच नाही."

"शाब्बास. करूही नका. याला गरोदर दाखवलंत तर आपण सगळेच घरी जाऊ."

मग साहेबांनी चहा मागवला आणि बशीतला चहा संपेपर्यंत तोडगा काढला. आमच्या भागात बाळंतपणाला बाई माहेरी गेली की तिला कुणी शोधत नाही. ती केव्हा गेली, कुठे गेली, काय झालं, हे पुढच्या केंद्राने बघायचं असतं आणि पुढच्या केंद्राला ती आल्याचं ठाऊक नसतं. आमच्या निम्म्या वह्या माहेरी गेलेल्या बायकांवरच जुळतात. साहेबांनी हिरव्या शाईने शेरा मारला, 'प्रसूतीसाठी माहेरी रवाना.'

"पन म्या तर हितंच हुबी हाय की," नीलाबाई म्हणाली. "आन् डोंगरकड्याला माज्या माहेरात कुनीबी राहिलं न्हाई. घराला कुलूप हाय."

"हे तोंडी झालं, बाई," साहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

मार्चमध्ये मॅडमचं वर्ष संपलं. जाताना त्या आपल्या पर्समधून दोन महिन्यांच्या गोळ्या देऊन गेल्या आणि मला म्हणाल्या, "किसनराव, त्या पोरालाही विसरू नका." मी मान हलवली. गोळ्या संपल्यावर नीलाबाई आली तेव्हा मी खिडकीतूनच सांगितलं, "बाई, तू माहेरी हायेस. माहेरी असलेल्या बाईला हितल्या गोळ्या देता येत न्हाईत." ती तशीच उन्हातून परत गेली. बोलायला नको, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. संध्याकाळी मात्र अहवाल बिनचूक गेला.

आषाढात वसरामने तिला बैलगाडीतून आणलं. तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात लाकडासारखा. मी अपंगाच्या दाखल्यासाठी तिचे कागद हौसेने भरले, कारण त्याची वही आहे. दाखल्याला चाळीस टक्के अपंगत्व लागतं, जिल्ह्याच्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे तिला अडतीस भरले. दोन टक्क्यांनी हुकली बिचारी. थोडी आणखी थांबून यायला हवी होती, असं बोर्डाबाहेरचा शिपाई म्हणाला.

परत आल्यावर ती माझ्या टेबलासमोर बसली. शब्द एकेक करून बाहेर पडत होते.

"माजं जाऊ द्या. योगेशचं लिवून घ्या, भाऊ. कुटं बी लिवा."

"कुठं लिहू? तो ना बाई, ना म्हातारा, ना कुत्रं चावलेला."

तिने डाव्या हाताने माझ्या उघड्या खणातल्या बामच्या डबीकडे बोट केलं. "तुमी एवड्या बायकांचा बीपी लिवला. तुमच्या मायचा किती हाय?"

"माझ्या आईला काही झालेलं नाही."

"म्या बी ह्येच म्हनत व्हते."

बाईचं मनावर कशाला घ्यायचं? तरी घरी गेल्यावर जेवताना आईला सहज विचारलं, माझ्या वेळेला तुझे पाय सुजले होते का? आई, भिकाबाई, वय अडुसष्ट, एकदम खुलली. "सुजले व्हते म्हन्जे काय! तोडे निगंनात, सोनाराला बलवून कापून काडले. डोळ्यापुडं अंधारी यायची, दोनदा दातखिळी बसली. तुज्या बापानं आदीच पेढे वाटले, पोरगा हाय म्हनून." बोलता बोलता ती कपाळ दाबत होती. ती कपाळ दाबते हे मी लहानपणापासून बघत आलो आहे. मला वाटायचं, तिची सवय आहे. मग माझ्या लक्षात आलं की आपलाही हात कपाळावरच आहे.

यंत्र केंद्रातल्या कपाटात आहे. किल्ली माझ्या खिशात आहे. त्यावर 'फक्त गरोदर मातांसाठी' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, आणि मी बावीस वर्षांत नियम मोडलेला नाही. तुम्ही मला खुशाल हसा, सगळं खातं हसतं. फक्त हसण्याआधी एक आकडा सांगा. तुमच्या आईचा बीपी किती आहे? नाही ना माहीत? मग तुमच्याही घरात तिच्या नावावर बेचाळिसाव्या दिवशी तांबडी रेघ मारलेली आहे, आणि ती मी मारलेली नाही.