शाखेचे एकूण वजन

मुलाच्या कार्यालयाने वजन कमी करायचे ठरवले, तेव्हा मी वाटाणे सोलत बसले होते.

मुलगा वजनमापे खात्यात आहे. बाजारातले काटे खरे की खोटे ते तपासायचे आणि खऱ्यांवर शिशाचे सील ठोकायचे, हे त्या खात्याचे काम. इतकी वर्षे खात्याने दुसऱ्यांची वजने पाहिली. मग मोठे साहेब कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले आणि खात्याचे स्वतःचे वजन आजवर कुणीच पाहिलेले नाही, असे त्यांच्या लक्षात आले.

आदेश निघाला. सर्व कर्मचाऱ्यांनी वजन घटवावे. मात्र उपाशी राहून घटवू नये, कारण उपाशी माणसाची प्रेरणा टिकत नाही. घरी शिजवलेले, चविष्ट, व्हीगन जेवण आनंदाने जेवावे आणि प्रेरित राहावे. आनंद ऐच्छिक नव्हता.

"व्हीगन म्हणजे काय रे?" मी विचारले.

"दूध नाही, लोणी नाही, अंडी नाहीत, मधसुद्धा नाही. जनावराकडून आलेलं काहीच नाही, आई."

"मग ते मी लहानपणापासून खातेय. घरी दूध यायचं बंद झालं की आम्ही सगळे व्हीगन व्हायचो. तेव्हा त्याला ओढगस्त म्हणायचे."

सून हसली. मुलगा हसला नाही. शाखेत सर्वांत वजनदार तोच होता, त्यामुळे साहेबांची सगळी आशा त्याच्यावर होती.

"आणि नाही घटलं तर?" सुनेने विचारले.

"तर दोन्ही वेळचं जेवण खात्याच्या उपाहारगृहात. रात्रीचंही. नवे प्रेरणा निरीक्षक नेमलेत, त्यांच्या समोर बसून."

माझ्या हातातली शेंग खाली पडली. घर चालवायचे काम केव्हाच सुनेकडे गेले आहे आणि ती ते माझ्यापेक्षा बरे करते. माझ्याकडे एकच गोष्ट उरली आहे: संध्याकाळी मुलाला समोर बसवून पोटभर वाढायचे. पहिल्या घासाला तो डोळे मिटतो. त्याचे वडीलही तसेच मिटायचे. तेवढे बघायला मिळावे म्हणून माझा दिवस पुढे सरकतो. ते मी कुठल्याही खात्याच्या हवाली करणार नव्हते.

मी पदर खोचला. भोपळ्याच्या फोडी करपेपर्यंत भाजून नारळाच्या दुधात सोडल्या. मसूर टोमॅटोत आटवले. भाजलेल्या वांग्याला तीळ वाटून लावले. घरात असा वास सुटला, की वरच्या मजल्यावरच्या बाई मीठ मागायला आल्या आणि मीठ न घेताच बराच वेळ बसून राहिल्या.

मुलगा जेवला. आनंदाने जेवला, आदेशात म्हटल्यापेक्षाही आनंदाने. "ह्यात दूध नाही, लोणी नाही, म्हणजे ह्यात काही नाहीच," असे म्हणत तो पुन्हा पुन्हा काही नसलेले वाढून घेत राहिला. वजन वाढले.

आमच्या वेळी कुणी अंगाने भरला, की लोक कौतुकाने म्हणायचे, तब्येत सुधारली. माझ्या लग्नात सासूबाईंनी मला पाहिले आणि त्यांना पहिली काळजी हीच वाटली, की पोरीची तब्येत सुधारायला किती दिवस लागतील. आता कुणी वाळला, की म्हणतात तब्येत सुधारली. मी दोन्ही काळांत तशीच आहे. त्यामुळे माझी तब्येत आधी वाईट होती आणि आता उत्तम आहे.

मुलाच्या वाढलेल्या वजनाची दखल घेऊन प्रेरणा निरीक्षक आमच्या घरी आले. पूर्वी ते काटे दुरुस्तीला होते. नेमणूक झाल्यापासून प्रेरित होते. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून त्यांनी नाकाने खोलवर पाहणी केली.

"आजी, ह्यात चव किती आहे?"

"असेल थोडीफार. मी कुठं मोजलीय?"

"मोजल्याशिवाय आमच्या खात्यात काही असत नाही. वाढा."

मी वाढले. ते मुलाच्या जागेवर बसले. खात्यात कुठलाही काटा तीनदा तपासतात, एकदाचे वजन कधी खरे धरत नाहीत. म्हणून त्यांनी पहिले ताट चव घेण्यासाठी संपवले, दुसरे पहिल्याची खात्री करण्यासाठी आणि तिसरे दोन्हींची सरासरी काढण्यासाठी. पहिल्याच घासाला त्यांनी डोळे मिटले. मी तोंड फिरवून उगाच ओटा पुसला.

"अहो, पण ह्यांचं जेवण?" सुनेने विचारले. मुलगा भिंतीला टेकून उभा होता.

"तपासणी चालू असताना नमुन्याला इतरांनी हात लावायचा नसतो, ताई. त्यांनी प्रेरित राहावं."

"ते किती वेळ राहायचं असतं?"

"नमुना संपेपर्यंत."

चव मर्यादेबाहेर आहे, असा निष्कर्ष निघाला. पण ती कायमची आहे की त्या दिवसापुरती, हे एका तपासणीत सांगणे शास्त्राला धरून झाले नसते. निरीक्षक रोज येऊ लागले. निरीक्षकांची तपासणी बरोबर चालली आहे ना, हे पाहायला मोठे साहेब येऊ लागले. ते तर घरातल्यासारखे झाले. आल्या आल्या बूट काढून, पट्टा सैल करून "आज काय आहे तपासायला?" असे विचारायचे.

मी काही कमी नाही. मुलाला उरावे म्हणून माळ्यावरचे मोठे पातेले काढले. पातेले मोठे, म्हणून नमुना मोठा. नमुना मोठा, म्हणून तपासणी मोठी. उरायचे तेवढेच उरले, म्हणजे काहीच नाही. एकदा मी एक वाटी ओट्याखाली पिठाच्या डब्यामागे झाकून ठेवली. निरीक्षक थेट तिथेच वाकले.

"आजी, दुकानदारही मापं अशीच लपवतात. लपवलेलं आम्ही आधी तपासतो."

त्यांनी ती वाटी उभ्यानेच तपासली.

मुलाला आम्ही काय द्यायचो? पाव आणि पातेले विसळलेले गरम पाणी. मी त्याला सूप म्हणायचे. तोही म्हणायचा, "छान झालंय सूप, आई." सदरे त्याच्या अंगावर वाळत घातल्यासारखे दिसू लागले. सून रोज पट्ट्याला खिळ्याने नवे भोक पाडायची आणि माझ्याकडे बघायची नाही.

मग जाहीर वजनाचा दिवस आला. कार्यालयाच्या अंगणात पोती तोलायचा काटा मांडला होता. स्वयंपाक करणारी म्हणून मलाही बोलावले होते, सत्काराला. मुलगा काट्यावर चढला. काटा जेमतेम हलला. टाळ्या झाल्या. साहेबांचे डोळे भरून आले, आणि त्या भरात ते म्हणाले, "आज सगळ्या शाखेचंच वजन होऊन जाऊ दे!"

ते स्वतः चढले. मग निरीक्षक चढले. बाकीचेही चढले. बेरीज झाली. शाखेचे एकूण वजन आदेश निघाला तेव्हा नोंदवले होते तेवढेच भरले.

आता, पोत्यातला माल घटला तर तो कुठून गळला ते शोधायचे, ही त्या खात्याची जन्माची सवय. सगळे माझ्या मुलाकडे फाटके पोते पाहावे तसे पाहू लागले.

"ही घट नाही," निरीक्षक पोटावर हात ठेवून म्हणाले. "हे वजनाचं विनापरवाना हस्तांतरण आहे. ह्यांनी आपलं वजन वरिष्ठांच्या अंगावर टाकलंय."

"साहेब, मी काहीच केलं नाही. मी नुसता उभा होतो."

"उभं राहूनच केलंत ना!"

माझ्याच्याने राहवेना. मी खुर्चीतून उठले. "साहेब, गेलेलं वजन कुठं आहे ते शोधायला लांब जायला नको. आज त्याला घरी जेवू द्या आणि तुम्ही दोघं भिंतीला टेकून उभे राहा. थोड्याच दिवसांत सगळं जिथल्या तिथं येईल."

सून खाली मान घालून हसू दाबत होती. साहेब मात्र गंभीर झाले. त्यांनी आदेश मागवून पुन्हा वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आजी, आदेशात कर्मचारी म्हटलंय, अधिकारी म्हटलेलं नाही. कर्मचाऱ्याचं वजन घटलंय. शिवाय जेवण चविष्ट असावं, व्हीगन असावं, आनंदानं खाल्लं जावं, असं म्हटलंय. तसं ते खाल्लं गेलंय, त्याला आम्ही दोघं साक्षीदार आहोत. घट एकाची आणि आनंद दुसऱ्याचा असला म्हणून काय झालं? दोन्ही शाखेतच आहेत. कार्यक्रम शंभर टक्के यशस्वी!"

पुन्हा टाळ्या झाल्या. मला एक मोठी कढई मिळाली.

आता मुलगा गावोगावच्या शाखांत फिरतो. त्याला काट्यावर उभे करतात, जुना पट्टा शेजारी धरतात आणि लोकांना प्रेरणा देतात. विश्रामगृहात त्याला चहाबरोबर टोस्ट मिळतो, तोही बिनदुधाच्या चहाबरोबर. आमचे घर प्रेरणा केंद्र झाले आहे. परवा त्याचा फोन आला. सवयीने मी सांगू लागले, "आज मसुरात जरा चिंच घालून..." तेवढ्यात तो म्हणाला, "आई, नको सांगूस," आणि मग बराच वेळ सुनेशी हवापाण्याचे बोलत बसला.

रोज माणसे येतात. साहेब, साहेबांचे साहेब, वरच्या मजल्यावरच्या बाई, त्यांच्या मैत्रिणी. भिंतीवर मुलाचे दोन फोटो लावले आहेत, आधीचा आणि नंतरचा. माणसे दोन्ही फोटो पाहतात, "काय कमाल आहे!" म्हणतात आणि ताट पुढे करतात. जाताना प्रत्येक जण माझ्याजवळ येऊन हळूच विचारतो, "आजी, भोपळा नक्की किती भाजायचा? आणि ह्यानं किती किलो उतरेल?"

मी सांगते. तुम्हीही मगापासून हेच विचारायला थांबला आहात, मला कळते. मोठ्या आचेवर, कडा काळ्या होईस्तोवर भाजायचा. किलोंचे खात्याला विचारा. मुलगा जेवला का, हे मला अजून कुणी विचारलेले नाही. तेव्हा तुम्ही नाही विचारलेत म्हणून वाईट वाटून घेऊ नका. बसा, वाढते.