अण्णांचा खालचा रस्ता

आमच्या शेजारचे सुखदेवअण्णा उड्डाणपुलावर चढत नाहीत. नाशकात राहून! द्वारका चौकात सगळी दुनिया आमच्या डोक्यावरून भुर्रकन निघून जाते, आणि अण्णा शेजारी बसले की माझी गाडी मात्र खाली, रिक्षांच्या मधोमध. "वरून काय दिसतं, मॅडम? पाण्याच्या टाक्या! गाव खाली हाय."

अण्णा रस्त्याच्या गँगवर मैलकुली म्हणून लागले. एकेका मैलाची डागडुजी करणारा तो मैलकुली. पुढे मुकादम होऊन निवृत्त झाले, पण डांबर काही अंगातून गेलं नाही. नवा रस्ता दिसला की मला गाडी थांबवायला लावतात, उतरून काठीने ठोकतात आणि कान देऊन ऐकतात. माणसांनाही तेच माप. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब चांगले हायेत, पण दबाई कमी पडली." म्हणजे रोलर कमी फिरला. बारा वर्षं संसार करून सांगते, निदान अचूक होतं.

त्यांच्यापुढे आग्रा रोडचं नाव काढायची सोय नाही. "आधी बैलांनी पाडली ही वाट. मिठाच्या गोण्या लादून तांडे यायचे. मग पलटणी आल्या, त्यांना तोफा न्यायच्या होत्या, त्यांनी केली रुंद. मग आमच्या लोकांनी खडी फोडली, डांबर वतलं. आता हे सहापदरीवाले म्हणतात, रस्ता आम्ही बांधला! वा रे वा!" हे सगळं हात नाचवत, माझा चहा गार होईपर्यंत.

तर या दिवाळीत अण्णा सकाळीच दारात उभे. इस्त्रीचा सदरा, पांढरी टोपी. "मॅडम, गाडी काढा. मुऱ्हाळी जायचंय."

बहिणीला सासरहून माहेरी आणायला जातो तो भाऊ म्हणजे मुऱ्हाळी. हा मुऱ्हाळी बहात्तरचा आणि मालेगावकडच्या खेड्यातली बहीण ऐंशीची! अण्णांचं रक्ताचं माणूस आता एवढंच. पण आक्कांची नजर गेली तेव्हापासून त्या माहेरी आल्या नव्हत्या. "दिसत नाय तर माहेर कसलं? कुठल्याही खोलीत बसवाल आन् म्हणाल, हे नाशिक." अण्णांनी फोनवर शब्द दिला होता, रस्ता मी सांगतो, तुझं तुला कळंल. आक्कांचीही अट होती. नाही कळलं तर गाडी तिथूनच मागे.

येताना दोन तासांच्या रस्त्याला आम्हाला पाच तास लागले. नव्या महामार्गाने वळणं सरळ केली, चढ कापले. आक्कांनी ओळखायचं तरी कशावरून? म्हणून आक्कांजवळ मागे बसलेले अण्णा प्रत्येक गावाला मला जुन्या रस्त्याने आत घालायचे. पिंपळगावला म्हणाले, "आक्के, वास घे."

"टमाटे. मार्केट आलं."

ओझरच्या विमानतळावरून उठलेलं विमान डोक्यावरून गेलं, तर आक्कांनी अण्णांच्या आधी गावाचं नाव घेतलं. अण्णा असे फुगले, जणू विमान त्यांनीच उडवलं.

माझ्या पोटात मात्र कावळे ओरडत होते. आडगाव ओलांडलं आणि मी, देवाशपथ निव्वळ सवयीने, गाडी उड्डाणपुलावर घातली. बोलण्याच्या नादात अण्णांचंही लक्ष नव्हतं.

गाडी गुळगुळीत पळायला लागली. ना गतिरोधक, ना वास, ना माणसांचा आवाज. आक्कांनी काचेला कान लावला. मग चाचपत त्यांनी अण्णांचा दंड धरला. "सुखा, हाई काय शे?" घाबरल्यावर तोंडात सासरची बोली आली होती. "मला काहीच लागत नाय रे. गाडी मागं घे. ठरलं होतं आपलं."

अण्णा मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. "घेतो, आक्के," एवढंच म्हणाले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आजी, चूक माझी आहे," मी म्हणाले. "एकदा खालून नेते. मग म्हणाल तिथे सोडते."

द्वारकेला उतरले. घर हाकेच्या अंतरावर होतं. तशीच गाडी वळवली आणि आडगाव नाक्यापर्यंत मागे गेले. पुन्हा पहिल्यापासून. पंचवटीतली गर्दी, झेंडूचे ढीग, देवळातली घंटा, एका रिक्षावाल्याने मला हासडलेली शिवी. अण्णा एकेक जागा सांगत होते आणि आक्का मानेनेच नाही म्हणत होत्या. पंचवटीतल्याच मालेगाव स्टँडला गाडीचं नाक खाली झुकलं. आक्कांनी पुढची सीट घट्ट पकडली. अण्णांनी तोंड उघडलं.

"थांब सुक्या, बोलू नको," आक्का म्हणाल्या. "उतार हाय. आता गंगा येईल."

मी काचा खाली केल्या. गोदावरीवरचा गार वारा आत आला, आणि सासरपासून इथवर जराही न ढळलेला डोक्यावरचा पदर आक्कांनी स्वतःच्या हाताने काढून खांद्यावर टाकला. माहेरी कुणापुढे पदर घ्यायचा?

आरशात पाहिलं तर अण्णा टोपीने डोळे पुसत होते, अगदी हुंदके देऊन.

"रडतो कशाला, येड्या?" आक्का म्हणाल्या. "आणलंस ना मला."