दुप्पट ताकदीचा विंच

"माझा ट्रक चिखलातून काढायला यापुढे कोणाच्या बापाची गरज नाही," असं मी घरात जाहीर केलं, तेव्हा बायको नखं कापत होती.

"माझे बाबा कधी आले होते?" ती मान वर न करता म्हणाली. "दर वेळी येतो तो माझा दादा."

दुखणं नेमकं हेच होतं. माझा जुना ट्रक चारही चाकांच्या जोरावर दगडधोंडे, ओढे, चिखल, कुठेही जातो. परत यायचं मात्र त्याच्या मनावर असतं. मग मेव्हणा ट्रॅक्टर घेऊन येतो, ट्रक ओढून काढतो आणि पुढे महिनाभर भेटेल त्याला ते सांगत सुटतो. बायको या सगळ्याला विटली होती. शनिवारी तिने ट्रकसाठी गिऱ्हाईक बोलावलं होतं.

"त्याच्यासमोर तुम्ही एकट्याने चिखलातून काढून दाखवा," ती म्हणाली. "जमलं तर ठेवू. नाही तर तो घेऊन जाईल."

ट्रक म्हणजे माझा जीव की प्राण. मी तडक दुकान गाठलं आणि विंच मागितला. विंच म्हणजे गाडीच्या नाकावर बसवायचं विजेचं चाक. त्याची तार झाडाला बांधायची, बटण दाबायचं, की तार गुंडाळत गाडी स्वतःच स्वतःला बाहेर ओढते.

"गाडीच्या वजनाच्या दीडपट ओढणारा पुरे," दुकानदार म्हणाला.

"दुप्पट द्या." दीडपटीवर समाधान मानणारं आमचं खानदान नाही.

"मग तो बसवायला खाली चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जाड पट्टी मारून घ्या."

"पट्टी कशाला? आमचा बंपर जुन्या काळचा आहे. हत्ती बांधा!"

दुकानदाराने खांदे उडवले आणि विंच बांधून दिला.

आता आमच्या बाबांविषयी सांगायला हवं. बाबांना रंगाचं वेड. फाटक, खुर्च्या, बागेतला नळ, एका जागी उभं राहील ते सगळं ते दरवर्षी रंगवतात. ट्रकचा बंपरही, बोल्टांसकट. त्यामुळे आमचे बोल्ट नव्या नवरीसारखे चकाकत होते. आम्ही दोघांनी बंपरला भोकं पाडली, विंच बसवला, बॅटरीला जाड वायरी जोडल्या.

"बंपरच्या बोल्टांना एकदा पाना लावून बघू का?" मी विचारलं.

"नको," बाबा म्हणाले. "रंगाचे टवके उडतील."

मलाही ते पटलं.

शनिवारी गिऱ्हाईक आलं. मेव्हणाही ट्रॅक्टरवर हजर. "सहज चाललो होतो," म्हणे. मी घरामागच्या चिखलात ट्रक चाकं बुडेपर्यंत मुद्दाम रुतवला. समोरच्या झाडाला तार बांधली. तुटलीच तर उडू नये म्हणून तिच्यावर ओली चादर टाकली, सगळ्यांना लांब उभं केलं आणि ऐटीत बटण दाबलं.

तार ताणली गेली. ट्रक कण्हला.

"निघाला रे निघाला!" बाबा ओरडले.

निघाला तो बंपर. विंचला छातीशी धरून त्याने एक उडी मारली आणि नंबरप्लेट, एक दिवा सगळं सोबत घेऊन झाडाकडे सरपटत गेला. वायरी तुटल्या तेव्हा कुठे थांबला. ट्रक मात्र दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखा जागच्या जागी.

बाबांनी वाकून पाहिलं. बोल्ट आतून केव्हाच गंजून गेले होते. बंपर उभा होता तो नुसत्या रंगावर.

"इतकी वर्षं धरून ठेवला बघ," ते कौतुकाने म्हणाले.

"जावईबापू, साखळी आणू का?" मेव्हण्याला हसू आवरत नव्हतं.

गिऱ्हाइकाने ट्रककडे एकदा बघितलं आणि मान हलवली. मग ते झाडापाशी गेलं, उकिडवं बसलं, विंचवरचा चिखल पुसू लागलं.

"ट्रक राहू द्या," ते म्हणालं. "हा देता का? काय ताकद आहे हो याच्यात."

"न्या," बायको म्हणाली. मला विचारायचा प्रश्नच नव्हता.

"आणि ट्रक?" मी हळूच विचारलं.

"त्याला आता कोण घेणार? असू दे घरी. ओढायला दादा आहेच." आणि ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत सुटली. तिला तसं हसताना पाहून माझा सगळा राग विरघळला. खरं सांगतो, फार बरं वाटलं.

मेव्हण्याने साखळी लावली. मी ट्रकमध्ये चढून स्टिअरिंग धरून बसलो. ओढणार ट्रॅक्टर होता, माझं तिथे काही काम नव्हतं. पण जिंकलेल्या माणसाने बसायचं तरी कुठे?