चार माणसांचं वजन

गाडीतला बिघाड मला सांगू नका! बावीस वर्षं पीथमपूरच्या कारखान्यात इन्स्पेक्टर होतो मी. गाडी नुसती खाकरली, तरी तिचं कुठं दुखतंय ते हातातला चहा न सांडता सांगायचो. म्हणून २००६ साली निवृत्त होऊन देवासला जुनी टर्बो डिझेल गाडी घेतली, तेव्हा कुणाला विचारलं नाही. विचारायला घरात होतं तरी कोण? बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी जान्हवी पुण्याहून रविवारी फोन करून एकच विचारायची, "बाबा, जेवलात ना?"

टर्बो म्हणजे इंजिनात दाबून हवा भरणारा पंखा. पंगतीत आग्रह करकरून वाढणारा माणूस असतो ना, तसा! आग्रह थांबला की गाडी मरगळते. माझीही मरगळली. शेजाऱ्यांचे पाहुणे स्टेशनवर सोडायला निघालो, तर पुलाच्या चढावर तिनं मानच टाकली. एकटा चालवली की मात्र ठणठणीत! फिल्टर बदलला, डिझेलची नळी बदलली. काही उपयोग नाही. शेवटी नाक मुठीत धरून मालोजी मेकॅनिककडे गेलो.

"रत्नाकर भिया," बॉनेटमधून डोकं काढत तो म्हणाला, "हवा कहीं से निकल री है. पण खाली गाडी में ये बीमारी नी दिखेगी. चार आदमी बिठाओ, मांडू का घाट चढ़ाओ और कान लगा के सुनो!"

चार आदमी! पाना असता तर मागून आणला असता. माणसं कुठून आणू?

खूप धीर करून आमच्या महाराष्ट्र समाजाच्या गोपाळरावांकडे गेलो. म्हटलं, "रविवारी चार माणसं हवीत हो. धारकडे जायचंय."

गोपाळरावांनी माझा हातच धरला. "शेवटी मनावर घेतलंत! तीन आम्ही येतो. चौथं माणूस धारला तयारच आहे!"

आता आपल्यात चार माणसं घेऊन कशाला जातात, हे शेंबडं पोरही सांगेल. मला नाही सुचलं! माझ्या डोक्यात टर्बो.

रविवारी गोपाळराव कडक इस्त्रीत हजर. माझ्या वरच्या मजल्यावरच्या उमाबाई नारळ आणि खण घेऊन आल्या. समाजाचे दत्तोपंत गुरुजी चक्क पंचांग काखोटीला मारून! मला वाटलं, नारळ गाडीपुढे फोडायचा असेल. गुरुजींचं वजन बघून तर मला भरूनच आलं. दीड माणसाचं काम एकटे करणार होते!

धारला गोपाळराव म्हणाले, "डावीकडे घ्या." एका घरासमोर थांबलो. दारात चारुलताबाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, माझ्यासारख्याच एकट्या. आत पोह्यांच्या बशा मांडलेल्या. सगळे माझ्याकडे बघतायत! काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "मी प्रेशर बघायला आलोय."

"माझं?" बाई म्हणाल्या. "कालच तपासलं. एकशेतीस-ऐंशी आहे!"

"तुमचं नाही हो, टर्बोचं!"

उमाबाईंच्या हातातला नारळ सुटला तो थेट दत्तोपंतांच्या पायावर! गुरुजी एका पायावर नाचायला लागले. त्या गोंधळात मी घाट, हवा, मालोजी असं सगळं एका दमात सांगून टाकलं. गोपाळरावांनी कपाळावर हात मारला. आणि चारुलताबाई? पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

"म्हणजे मला वजन म्हणून न्यायला आलात? थांबा, चपला घालते!"

घाट सुरू झाला तशी गाडी मरगळली. पण गाडीत काय गलका! गोपाळराव उमाबाईंशी भांडतायत, गुरुजी कण्हतायत, चारुलताबाई शाळेतल्या इन्स्पेक्टरच्या गमती सांगून मलाच चिडवतायत. आवाज ऐकायचा तर सगळ्यांना 'गप्प बसा' म्हणायला हवं होतं. खरं सांगतो, माझी जीभच उचलेना. तीन वर्षांत माझ्या जवळपास एवढं कुणी बोललं नव्हतं हो! अर्धा घाट मी तसाच जाऊ दिला.

शेवटी चारुलताबाईच म्हणाल्या, "शू! ऐका. कुकरची रिंग गेल्यावर येतो तसा फुसफुस आवाज येतोय."

गाडी थांबवली. टर्बोच्या रबरी पाइपवरची पट्टी सैल! स्क्रू पिळला आणि गाडी अशी उधळली, की मांडू येईपर्यंत गुरुजींनी डोळे उघडले नाहीत.

झालं! गाडी बरी झाली आणि माणसं आपापल्या घरी गेली. पुन्हा मी आणि जान्हवीचा फोन.

दोन आठवडे कसेबसे काढले. मग एके सकाळी मी स्वतः ती पट्टी सैल केली. हसा, हसा! केली! आणि गोपाळरावांना फोन लावला. "पुन्हा ओढ गेली हो. चार माणसं लागतील."

"अहो, माणसं कशाला?" गोपाळराव उत्साहात म्हणाले. "खातेगावहून आमचा गहू आलाय. पन्नास किलोचे चार कट्टे पाठवतो. कटकट नाही, आवाज कसा स्वच्छ ऐकू येईल!"

नको म्हणायच्या आत कट्टे दारात! आता खरं कुठल्या तोंडानं सांगणार? तीन मागे बसवले, एक पुढे. पुढचा सारखा माझ्या अंगावर कलंडत होता, म्हणून त्याला पट्टा लावला. निघालो. मांडूला पोचायची घाई नव्हती. वाटेत धार होतं ना!

चारुलताबाईंच्या दारापुढे जरा जास्तच हॉर्न वाजवला. त्या बाहेर आल्या. खिडकीशी वाकल्या आणि चक्क लाजत म्हणाल्या, "घाटात निघालात? मी येऊ का? एखादी जागा आहे?"

इन्स्पेक्टरनं मालाचं उत्तर चोख द्यावं, तसं मी दिलं. "नाही हो, वजन पुरं झालंय!"

"बरं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

कट्टा खाली उतरवता येतो, हे मला घाटाच्या तिसऱ्या वळणावर सुचलं.