जावयाच्या रजईतली गाडी

लेकीच्या पहिल्या संक्रांतीला जावयाला घ्यायला मी स्वतःच्या गाडीने स्टेशनवर येईन, असं फोनवर बोलून गेलो आणि तिथेच घात झाला. (गाडी जुनीच, पण आपल्यासाठी नवी.) "जावईबापू, ऑटो कराचा नाही म्हणजे नाही!" असं वर बजावलंही.

करडी गावातल्या आमच्या घरी गाडीला जागा एकच, बैलांचा गोठा. बैलजोडी विकल्यापासून बाबांनी त्या गोठ्याकडे पाहणं सोडलं होतं. गाडी आली आणि ते पुन्हा रोज सकाळी झाडू घेऊन तिथे जायला लागले. मला लय बरं वाटायचं.

संक्रांतीला थंडी अशी की शेकोटीजवळून उठवेना. बाबा मात्र धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून तयार. नातीला आणायला त्यांना पुढच्या सीटवर बसून जायचं होतं. मी ऐटीत चावी फिरवली. 'कट' असा आवाज आला. पुन्हा फिरवली, तर तोही आला नाही.

"काय झालं?" माझ्या बायकोने, सत्यवतीने, तीळ भाजता भाजता विचारलं.

"इंजिन गारठलं," मी म्हणालो. (मी तुमसरच्या राईस मिलमध्ये कारकून. इंजिनाचं माझं ज्ञान बॉनेट उघडण्यापर्यंतच.) "गरमी द्या लागते त्याले."

माझ्या आंघोळीचं गरम पाणी बॉनेटवर ओतलं. गाडी वाफाळली, सुरू काही झाली नाही. मग घरात धावलो, हाती लागली ती रजई आणली आणि इंजिनावर पांघरली.

"अवो, जावयाची नवी रजई हाये ते!" सत्यवती किंचाळली.

"गाडी नाही निघाली तं जावई येतीन कायच्यात?"

"अन् झोपतीन कायच्यात?"

मी रजईचे काठ आणखी खोल खोचले.

बाबा हळूच जवळ आले. "काहून रुसली रे हे? रातभर तं मी दिवाही ठेवला होता."

"कोणता दिवा?"

"आतला. थंडीत जनावर अंधारात ठेवू नाही. बैलाइले कंदील ठेवत होतो ना मी? तूच तं बटन दाखवलं होतं."

(दाखवलं होतं. तेही चार लोकांसमोर.) म्हणजे दिवा रात्रभर जळून बॅटरी मेली होती आणि मी इंजिनाला शेक देत होतो! ओरडायला तोंड उघडलं, पण बाबांचा हात बैलाच्या पाठीवरून फिरावा तसा गाडीवरून फिरत होता. "खुशबूले आनाले जाची होती," ते म्हणाले, "म्हणून जपलो." माझा राग तिथेच विरघळला.

"तुमची काही चूक नाही, बाबा. थंडीच लय हाये."

तेवढ्यात दारात ऑटो थांबला. लेक खुशबू आणि जावई भूपेंद्र उतरले. "बाबा, किती फोन केले! उचलत काहून नाही?"

(फोन रजईखाली, इंजिनावर होता.)

सगळी हकीकत ऐकून खुशबू बाबांना बिलगली. "आबाजी, तुम्ही बसा पुढं. चक्कर तं आपण मारूनच राहू."

भूपेंद्रने रजई काढून बॉनेट लावलं आणि बाह्या सरसावल्या. "अहो, पहिली संक्रांत अन् जावई धक्का मारते का?" मी म्हणत राहिलो, पण त्याने मलाच आत बसवलं. जावई, लेक, ऑटोवाला, सगळे मागून भिडले. गाडीने गचका दिला, खोकली आणि सुरू झाली! बाबा लहान पोरासारखे हसले. बैल विकल्यापासून असे हसलेच नव्हते. माझे डोळे भरून आले, खरं सांगतो.

भूपेंद्र घामाघूम होऊन पुढे आला. आता जावयाशी बसल्या बसल्या बोलणं बरं दिसत नाही. मी गाडी बंद केली, चावी खिशात टाकली, खाली उतरलो आणि हात जोडले. "या जावईबापू! प्रवास बरा झाला ना?"

ऑटोवाल्याने कपाळावर हात मारला.

बाबा उतरले आणि गोठ्यातून बैलांचा दोर घेऊन आले. सत्यवतीने तो हातात घेतला.

"जावईबापू, आता तुम्ही आत बसा," ती म्हणाली. "या खेपेले तुमच्या सासऱ्याले जुंपू."